देव आधीच बाहेर होते

१

निवृत्तीमहाराजांनी काठी उचलून हंडीवर घातली. खापऱ्या उडाल्या, लाह्या-दह्याचा काला खालच्या परातीत आणि थोडा त्यांच्या धोतरावर सांडला, आणि जयजयकारासाठी त्यांनी तोंड उघडलं, तर समोरच्या मंडळींपैकी एकाचंही लक्ष त्यांच्याकडं नव्हतं. सगळे त्यांच्या डोक्यावरून मागं बघत होते. मृदंगावरचा गोरक्ष वाजवायचा थांबला. टाळ एकेक करून गप्प झाले.

महाराजांनी वळून पाहिलं. नाल्याच्या पलीकडं, कचरा निवडायच्या शेडवर काळ्या धुराचा खांब उभा राहिला होता.

सप्ताह होता तो कचरा वेचणाऱ्यांच्या वस्तीचा. सकाळी घंटागाड्या शहरभर फिरतात, दारोदारचा सुका कचरा या शेडमध्ये आणून ओततात, आणि वस्तीतल्या बायका तो बसून निवडतात. बाटल्या एकीकडं, पुठ्ठा एकीकडं, पत्रा, काच, फायबर म्हणजे कडक प्लॅस्टिक, ज्याचं त्याचं वेगळं. शेड महापालिकेची, पण चालवायला बायकांच्या बचत गटाकडं दिलेली. वस्तीतल्या बहुतेक चुली त्या शेडवर पेटत. आज काल्याचा दिवस म्हणून शेड बंद होती आणि सगळी वस्ती मंडपात होती.

काल्याचं कीर्तन म्हणजे सप्ताहाच्या उपासनेचं पारणं. ते अर्ध्यात मोडलं की भाविकाच्या जिवाला चुटपूट लागते. इथं तर लोकांची रोजची भाकरीच जळत होती. टाळ गळ्यात तसेच अडकवून माणसं नाला ओलांडून धावली. बायकांनी महाप्रसादाच्या पिंपातलं पाणी नेऊन ओतलं. बंब येईपर्यंत शेडचे पत्रे वाकून खाली आले होते.

माणूस एकही भाजला नाही. भाजायला आत कोणी नव्हतंच.

धूर जरा हटला तेव्हा निवडणाऱ्या बायकांतली वत्सलाबाई शेडमागच्या कडुनिंबाकडं गेली आणि तिथंच मटकन बसली.

झाडाच्या बुंध्याशी देव उभे होते. खंडोबा, म्हाळसा, विठोबा, रखुमाई, सप्तशृंगीची देवी, दत्त, गणपती, एक बुद्धाची तसबीर, एक मक्केचं चित्र. शेडच्या मागच्या भिंतीवर टांगलेल्या सगळ्या तसबिरी. भिंत काळी ठिक्कर पडून चिरली होती, आणि देव मात्र झाडाखाली, सावलीत, जसेच्या तसे.

"चालत आले," वत्सलाबाई म्हणाली. "देव स्वतःहून बाहेर आले गं बायांनो."

माणसांनी चपला काढल्या. मोबाइल बाहेर आले. कोणीतरी टाळ वाजवायला सुरुवात केली. निवृत्तीमहाराज मात्र खाली उकिडवे बसले, देवीच्या तसबिरीवरून त्यांनी बोट फिरवलं आणि ते बोट डोळ्यांपुढं धरलं.

बोटावर नुसती धूळ होती. काजळी नव्हती.

२

निवृत्तीमहाराज कीर्तनकार झाले ते निवृत्त झाल्यावर. त्याआधीची सगळी उमर ओझरला, विमानाच्या कारखान्यात, तपासणी खात्यात गेली. दिसायला धडधाकट भाग हातात घ्यायचा आणि त्यात केसाएवढी चीर कुठं आहे ते शोधायचं, हे काम. नोकरी सुटली तरी नजर सुटली नव्हती. या नजरेनं त्यांना कीर्तनातही स्वस्थ बसू दिलं नाही. दृष्टांत सांगता सांगता तिसऱ्या रांगेतल्या माणसाच्या मनात काय चाललंय ते त्यांना दिसे, आणि रात्री झोप येत नसे.

"महाराज, उद्या वणीला हेच सांगा कीर्तनात," एक म्हातारबा म्हणाले. "डोळ्यांनी बघितलं म्हणा."

वणीजवळच्या एका गावात त्यांचं उद्याचं कीर्तन होतं. दुपारची गाडी गाठायची होती. त्यांची नजर अजून बोटावरच होती.

तेवढ्यात तेजल मॅडम आल्या. त्या वॉर्डाच्या स्वच्छता निरीक्षक. तरुण, उन्हानं लाल झालेल्या, सारखा मोबाइल वाजणाऱ्या. त्यांच्या मागोमाग ठेकेदाराचा सुपरवायझर संतोष, नाकाला रुमाल लावून. या शेडवर ठेकेदाराचा डोळा होता हे वस्तीत लहान पोरालाही ठाऊक होतं.

"कचऱ्यात बॅटऱ्या असतात, उन्हानं पेट घेतात," मॅडम म्हणाल्या. "किंवा मग ते." त्यांनी काळ्या भिंतीकडं बोट केलं. "तिथं रोज अगरबत्ती लावता ना तुम्ही, लंकाबाई?"

लंकाबाई गटाच्या अध्यक्ष. उंच, हाडापेराच्या, आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी घंटा वाजायच्या आधी तोच पोहोचे. गोरक्ष मृदंगावरून उठला की घंटागाडी चालवायचा आणि लंकाबाई त्याच्या गाडीवर कचरा घ्यायच्या. लोक घराला रंग देताना जुने देव कचऱ्यात देतात. लंकाबाईंना ते बघवत नसे. त्या तसबिरी पुसून शेडमध्ये आणायच्या आणि भिंतीवर टांगायच्या. कुठल्याही धर्माचं असो, फेकलेलं पवित्र चित्र त्यांच्या भिंतीवर जायचं.

"आज नाय लावली," लंकाबाई म्हणाल्या. "पहाटेपासनं मंडपात हाय मी."

"हे कोण सांगणार? मला संध्याकाळच्या आत अहवाल द्यायचाय. निष्काळजीपणा दिसला तर शेड गटाकडून काढून घेतील. माझ्या हातात नाही ते."

बायकांच्यात कुजबुज झाली. लंकाबाईंचा चेहरा उतरला. निवृत्तीमहाराजांना तो बघवला नाही, आणि ते मध्ये बोलले. बोलले ते मदत करायला.

"मॅडम, ही आग अगरबत्तीची नाही. या तसबिरींवर काजळी नाही, एकही काच तडकलेली नाही. टांगायच्या तारा बघा, तोडलेल्या नाहीत, पीळ उलगडून सोडवल्यात. जळत्या भिंतीवरून कोणी असा पीळ सोडवत बसेल का? आणि आगीतून देव वाचवणारा माणूस असता तर तो गप्प बसला नसता. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं असतं." त्यांनी श्वास घेतला. "देव आधीच बाहेर होते. आग नंतर लागली. म्हणजे ती लावली."

टाळ थांबले. चमत्कार मोडल्याचा राग म्हाताऱ्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसला.

तेजल मॅडमनी मान हलवली. "पटतं. पण मग महाराज, हे देव वाचवायची काळजी सगळ्यात जास्त कोणाला?"

सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या.

"आणि परवाच्या मीटिंगमध्ये या बाई काय म्हणाल्या ते विचारा," संतोष रुमालाआडून बोलला. "शेडचा करार यंदा आम्हाला मिळणार म्हटल्यावर म्हणाल्या, आम्हाला नाही तर कुणालाच नाही. माझ्यादेखत."

लंकाबाई म्हणाल्या, "म्हटलं होतं. रागात म्हटलं."

"मघाशी निष्काळजीपणा लिहिणार होते, त्यात फक्त शेड गेली असती," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "आता जाळपोळ लिहावी लागेल. पोलीस चौकीला कळवते मी. संध्याकाळी ते येतील, बाई. तोवर कुठं जाऊ नका."

३

"महाराज, तुम्ही तोंड उघडलं नसतं तर बरं झालं असतं," गोरक्ष म्हणाला.

"हो."

"नाय, मी आपलं म्हटलं."

"बरोबर म्हटलंस."

मंडपात आता नुसत्या सतरंज्या होत्या. महाराज येरझारा घालत होते. बसले की उठत होते, उठले की शेडकडं बघत होते. खरं ते बोललो, आणि त्या खऱ्याचा फास एका भल्या बाईच्या गळ्यात पडला. अर्धं सत्य सांगून थांबणारा कीर्तनकार लबाड, असं ते स्वतःच लोकांना सांगत. आज तेच अर्ध्यावर उभे होते.

"तुमची गाडी चुकंल," गोरक्षनं आठवण केली. "स्टँडवर सोडू का?"

"काला वाटायचा राहिलाय." महाराजांनी परात उचलली. "तो असा ठेवून जाता येत नाही. तू चल माझ्याबरोबर. ज्याला त्याला जागेवर जाऊन देऊ."

पहिला भेटला संतोष. टपरीच्या सावलीत फोनवर बोलत होता. परात बघताच त्यानं फोन ठेवला, चपला काढल्या, ओंजळ पुढं केली, काला डोळ्यांना लावून खाल्ला आणि हात डोक्यावरून फिरवला.

"अजून थोडा द्या महाराज, घरी नेतो."

"भक्ती दिसते."

"दरवर्षी चैत्रात गडावर चालत जातो. देवीचं सोडून माझ्याकडं दुसरं काही नाही."

"म्हणजे शेड पेटवायची असती तर तूही देव आधी बाहेर काढले असतेस."

गोरक्षला ठसका लागला. संतोष मात्र हसला. "काढले असते. पण मी कशाला पेटवू? महिनाभरात ती चांगली उभी शेड आम्हालाच मिळत होती. आता जळके पत्रे मिळतील. मालक आत्ता फोनवर मलाच शिव्या देत होता."

महाराजांनी त्याला कडुनिंबाकडं नेलं. ऊन सरकून तसबिरींवर आलं होतं. "एवढे देव जरा त्या बाजूच्या सावलीत मांडशील?"

संतोषनं खिशातून दुसरा रुमाल काढला, त्यात धरून तसबिरी सावलीत मांडल्या. मोठ्या मागं, लहान पुढं. शाळेचा वर्गाचा फोटो काढतात तशा. हात जोडून तो निघून गेला.

"ह्याच्यात काय कळलं?" गोरक्षनं विचारलं.

"अजून काही नाही. आग विझल्यावर तू फोटो काढला होतास ना? आधी कशा मांडल्या होत्या ते दाखव."

गोरक्षनं मोबाइल पुढं केला. महाराजांनी तो उन्हात आडवा-तिडवा धरून पाहिला. मोठ्या-लहान सरमिसळ होत्या. पण काहीतरी होतं. चांगल्या भागावरची चीर हाताला लागावी आणि डोळ्याला दिसू नये, तसं काहीतरी.

४

लंकाबाई मंडपाच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी काला घेतला, खाल्ला, आणि हात पदराला पुसता पुसता रडू लागल्या.

"अध्यक्ष झाले तवा वाटलं होतं, बायांचं भलं करीन," त्या म्हणाल्या. "आता चोरासारखी बसलेय. वस्तीतल्या दोघीच आल्या माझ्यापाशी. बाकीच्या लांबनं बघत्यात."

"बाई, हा फोटो बघा."

त्यांनी डोळे पुसून मोबाइल घेतला आणि बघता बघता त्यांच्या कपाळाला आठी पडली. रडू कुठल्या कुठं गेलं.

"हे असं कुणी लावलं?"

"का? काय झालं?"

"खंडोबा एकीकडं न् म्हाळसा दुसरीकडं. विठोबा इथं, रखुमाई तिकडं त्या मक्केच्या चित्रापाशी. माझ्या भितीवर समदे आपापल्या माणसात होते, महाराज. लेकरू आईपाशी, बायको नवऱ्यापाशी. आधीच घरातनं टाकलेले देव, त्यांची आणिक ताटातूट कोण करतं?" त्यांनी गोरक्षकडं रागानं पाहिलं. "तू केलं का रे?"

"मी फक्त फोटो काढला, मावशी."

महाराजांनी फोन जवळजवळ हिसकावून घेतला. मग ते झाडाकडं निघाले, निघाले म्हणजे धावलेच. गोरक्ष परात सावरत मागं. तसबिरींपुढं बसून ते फोटोत बघत आणि प्रत्यक्षात एकेका तसबिरीवर नखानं टकटक करीत.

"खंडोबा, काच. त्याच्या शेजारी विठोबा, काच. दत्त, काच. गणपती, काच. मग म्हाळसा..." टक. "ही काच नाही."

"फायबर हाय," गोरक्ष म्हणाला.

"तिच्याजवळ देवी, फायबर. बुद्ध, फायबर. आणि या टोकाला रखुमाई नि मक्का." टक. आवाज खणकन आला.

"पत्रा."

नाल्याकडून जळक्या प्लॅस्टिकचा वास येत होता.

"गोरक्ष, लंकाबाई कधी निवडायला बसतात?"

"कधीच नाय. त्या गाडीवरच्या. ओला इकडं, सुका तिकडं, त्यांचा हात तेवढंच जाणतो."

"देव बाहेर काढणारा माणूस घाईत होता. त्यानं देव कसे मांडायचे याचा विचारच केला नाही. मन दुसरीकडं होतं, म्हणून हात आपल्या सवयीनं चालला. काच काचेपाशी, फायबर फायबरपाशी, पत्रा पत्र्यापाशी." महाराज उठले. त्यांचा आवाज खाली आला होता. "संतोषनं मोठा-लहान बघितला. लंकाबाईंनी नातं बघितलं असतं. असं मांडणारा हात रोज कचरा निवडतो. तुमच्याच बायांतला आहे."

गोरक्षनं परात खाली ठेवली. "माझी आई निवडायला बसते, महाराज," तो म्हणाला. "भागीबाई."

५

निवडणाऱ्या बायका शेडच्या कडेला होत्या. जळक्या ढिगातून वाचलेलं काही मिळतंय का ते बघत. सवय अशी, की राखेतून काढलेलंही त्या वेगवेगळं ठेवत होत्या. कोणाला कोणी सांगत नव्हतं.

"सकाळी कीर्तन चालू असताना मंडपात कोण कोण होतं?" गोरक्षनं आईकडं न बघता विचारलं.

"आम्ही काय पुतळे होतो का बसून ऱ्हायला?" वत्सलाबाई खेकसली. "चुलीवर भात, इकडं वरण, मध्येच लेकरं. जाऊन-येऊन होतो समद्या."

म्हणजे तिथून काही हाती लागणार नव्हतं. महाराजांनी पुढं होऊन परात धरली. "काला घ्या, माउली."

वत्सलाबाईनं घेतला. भागीबाईनं घेतला आणि मुलाकडं बघून म्हणाली, "तोंड का पाडलंय? आई मेली का तुझी?" गोरक्ष हसला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बाकीच्यांनी घेतला. राखेनं भरलेले हात कोणी लुगड्याला पुसले, कोणी पुसलेही नाहीत. काल्याला हात स्वच्छ लागत नाहीत, भाव लागतो, हे वस्तीला शिकवावं लागत नव्हतं.

शेवटची यशोदाबाई. बारीक चणीची, शांत बाई. सप्ताहाचं एकही कीर्तन तिनं चुकवलं नव्हतं, रोज पुढच्या रांगेत बसायची. नळावरून आत्ताच येत होती. कोपरापर्यंत हात ओले होते.

"माझे हात खराब हायत, महाराज," ती म्हणाली.

पाण्याचा थेंब तिच्या बोटावरून मातीत पडला.

"पूजाला द्या. माझ्या लेकीला. मला नको."

महाराज परात घेऊन वळले. ते पूजाकडं गेले. पूजा ढिगापासून लांब दगडावर बसली होती. कॉलेज सोडून दोन वर्षं आईशेजारी निवडायला बसणारी मुलगी. तिनं डावा हात पुढं केला. उजव्या हाताचं एक बोट ती अंगठ्यानं सारखं चोळत होती.

"काय झालं बोटाला?"

"आता काही नाही. सुई घुसली होती. इंजेक्शनची. हातमोज्यातून आत."

"कचऱ्यात सुई?"

"काळ्या पिशव्या येतात, महाराज. कुठल्यातरी दवाखान्याच्या. सुया, रक्ताचा कापूस, सलाईनच्या नळ्या, सगळं सुक्या कचऱ्यात लपवून. तो कचरा वेगळा न्यायला त्यांची वेगळी गाडी असते. पण असं टाकलं की त्या गाडीचे पैसे वाचतात. आम्ही त्या पिशव्या बाजूला टाकतो. परत न्यायला कोणी येत नाही. मागच्या भिंतीशी हा एवढा ढीग झाला होता."

"देवांच्या भिंतीशी?"

"त्याच्याच खाली." तिनं बोट चोळलं. "रक्ताची एक तपासणी झाली. त्यात काही निघालं नाही. पण डॉक्टर म्हणाले एवढ्यावर नक्की म्हणता येत नाही, परत करायची. तोवर आई झोपत नाही. मी कामाला जाते म्हटलं की दारात आडवी बसते. मी म्हटलं, त्यानं काय होणार? मी नाही गेले तर त्या पिशव्या दुसरी कोणी उघडणार."

महाराज काळ्या भिंतीपाशी गेले. काठीनं राख उकरली. बाकी शेडमध्ये जमीन नुसती काळी झाली होती, इथं ती भाजून लाल पडली होती. आग इथं सुरू झाली आणि इथंच सगळ्यात जास्त वेळ होती. काठीच्या टोकाला वितळलेल्या प्लॅस्टिकचा एक गोळा लागला. उन्हात धरला तर त्यातून बारीक पोलादी टोकं चमकली. भरपूर.

मागून सावली पडली. वळून न बघताही त्यांनी ओळखलं कोण आहे ते.

६

"हात घालू नका त्याच्यात, महाराज," यशोदाबाई म्हणाली. "टोचंल."

"तुम्ही कधीपासून मागं उभ्या आहात?"

"तुम्ही पूजापाशी बसला तवापासनं."

महाराजांनी काठी खाली ठेवली. "काला का नाही घेतला, बाई?"

तिनं मागं वळून पूजाकडं पाहिलं. बोलली तेव्हा आवाज साधाच होता, भाजीचा भाव सांगावा तसा.

"म्या लंकाबाईला सांगितलं होतं. पोरीला सुई लागली त्याच दिवशी. ती म्हटली, यशोदे, करार व्हायचाय, आत्ता तक्रार केली तर म्हणतील गटाला शेड चालवता येत नाय. जरा दम खा. म्या दम खाल्ला. पिशव्या येतच ऱ्हायल्या. कुणी म्हणायचं आमचं काम नाय, कुणी म्हणायचं वर सांगा. अन पोरगी म्हणती मी उद्यापासनं कामाला येते." तिनं पदर तोंडाशी नेला. "मला शेड नव्हती जाळायची. तो ढीग जाळायचा होता. काल्याला कुणी आत नसतं, कुणाला इजा व्हायची नाय, म्हणून आजचा दिवस धरला."

"आणि देव?"

"भितीला झळ लागंल म्हणून काढले."

"म्हणजे आग भिंतीवर चढेल हे ठाऊक होतं तुम्हाला."

हे बोलताना महाराजांना स्वतःचाच राग आला. पण ते विचारल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. यशोदाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं आणि तिचे खांदे खाली आले.

"ठाऊक होतं," ती म्हणाली. "देवाला झळ लागंल एवढं कळलं, न् बायांच्या पोटाला लागंल हे नाय कळलं. नाय, कळलं होतं. तरी काडी ओढली. मग म्या मंडपात येऊन बसले. तुम्ही हंडी फोडायला काठी उचलली, अन मला वाटलं ती माझ्याच टाळक्यात घालणार."

"तुमच्या जागी लंकाबाईंना नेणार आहेत."

"म्हणूनच तर तुमच्या मागं आले. मघापासनं चारदा तिच्याकडं निघाले न् चारदा माघारी फिरले. मी आत गेले तर पूजाच्या दुसऱ्या तपासणीला तिच्यासंगं कोण जाईल, एवढाच विचार येतो." ती थांबली. "महाराज, तुम्ही कीर्तनात सांगता, तो समदं जाणतो. मग मला सांगायची काय गरज हाय?"

असा प्रश्न त्यांना भर सभेत कोणी विचारला असता तर त्यांच्यापाशी दृष्टांत होते. इथं त्यातला एकही तोंडात येईना.

"तो जाणतो," ते म्हणाले. "पण अहवाल तेजल मॅडम लिहितात."

यशोदाबाईच्या तोंडून हसण्यासारखा एक आवाज निघाला. मग तिनं पदर खोचला आणि ती मंडपाकडं चालू लागली. महाराज तिच्या बरोबरीनं गेले.

७

मंडपात तिनं सगळं सांगितलं. उभ्यानं, सगळ्यांसमोर. वत्सलाबाईनं मध्येच एक शिवी दिली, भागीबाईनं तिला गप्प केलं. पूजा धावत आली आणि आईचा दंड धरून उभी राहिली. चौकीचे दोघं आले होते, तेही ऐकत होते. संतोषनं नाकावरचा रुमाल कधी काढला ते कोणाला कळलं नाही.

लंकाबाईंचं नाव सुटलं. त्यांच्यापाशी सरकायला बायकांना आता मोकळीक झाली होती आणि त्या सरकल्याही. लंकाबाईंनी कोणाकडं बघितलं नाही.

तेजल मॅडमनी वितळलेला गोळा कागदावर घेतला, फोटो काढले, पूजाला पिशव्यांबद्दल खोदून विचारलं. मग त्या लंकाबाईंपुढं येऊन बसल्या. आवाज खाली केला तरी मंडप इतका शांत होता की सगळ्यांना ऐकू आलं.

"एक विचारते, नीट ऐका. या पिशव्यांची तक्रार गटाकडं आली होती का? नाही म्हणालात तर हे एका बाईनं परस्पर केलेलं कृत्य ठरतं. गट सुटतो, शेड दुरुस्त होऊन परत मिळू शकते. हो म्हणालात, तर तुम्हाला ठाऊक असून तुम्ही कळवलं नाही, असं होतं. मग शेडचा मी भरवसा देत नाही."

"आणि यशोदाचं?"

"तक्रार केली होती आणि कोणी ऐकली नाही, हे कागदावर आलं तर तिच्याकडं वेगळ्या नजरेनं बघतील. दवाखाना शोधून त्यालाही मग नोटीस काढावी लागेल, ती टाळता येणार नाही. तक्रारच नव्हती म्हटलं तर ती फक्त आग लावणारी बाई."

वत्सलाबाई कुजबुजली, "नाय म्हण, लंके. शेड जाईल." दुसरी कोणी म्हणाली, "तिनं आपल्या पोटाचा विचार केला का?"

यशोदाबाई खाली बघत होती. ती काही मागत नव्हती.

लंकाबाई उठल्या. त्यांचा तो गल्लीभर जाणारा आवाज आज घोगरा झाला होता, आणि तरी वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत गेला असेल.

"आली होती. म्या दाबली. माझ्या नावानं लिवा."

मंडपात एकदम गलका झाला. शेड घालवली, पोरांच्या तोंडचा घास घालवला, असलं कायकाय बायका बोलू लागल्या. लंकाबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. मग हात वर केला.

"करार आपल्याला मिळाला असता न् पिशव्या येत ऱ्हायल्या असत्या. पुढची सुई कुणाच्या पोरीला, ते सांगा मला कुणीतरी."

तेजल मॅडम लिहीत होत्या.

चौकीच्या माणसांनी खूण केली. यशोदाबाईनं लेकीच्या हातातून आपला दंड सोडवला आणि लंकाबाईंपुढं येऊन उभी राहिली.

"तपासणी कधी हाय पोरीची?" लंकाबाईंनी विचारलं.

"पुढच्या सोमवारी."

"मी जाते संगं."

यशोदाबाई चौकीच्या गाडीकडं गेली. महाराजांची वणीची गाडी कधीच सुटली होती. गोरक्ष घंटागाडी पुसून त्यांना न्यायला निघाला होता, पण ते खांबाला टेकून तसेच उभे होते. बायका अजून भांडत होत्या. पूजा थोडा वेळ आई गेली त्या वाटेकडं बघत उभी राहिली, मग लंकाबाईंकडं वळली.

"मावशी, तिथं लवकर जावं लागतं. रांग असते."

"किती वाजता?"

"उजाडायच्या आत."

"मग आदल्या दिवशी माझ्याकडंच झोपायला ये," लंकाबाई म्हणाल्या.